बीच हाउसचा ‘डिव्होशन’ आणि समीक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या अल्बमबद्दल बोलतोय?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं बाल्टिमोर हे बीच हाउस या ड्रीम पॉप (मंद, धूसर, घुमणाऱ्या ध्वनीचं पॉप) जोडीचं गाव. व्हिक्टोरिया लग्रँड गातात आणि ऑर्गन-कीबोर्ड वाजवतात, अ‍ॅलेक्स स्कॅली गिटार आणि कीबोर्ड सांभाळतात. जोडी २००४ मध्ये जमली. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, त्याचं नावही ‘बीच हाउस’च. ‘डिव्होशन’ हा दुसरा. तो २६ फेब्रुवारी २००८ रोजी कारपार्क रेकॉर्ड्सने काढला, युरोपात बेला युनियनने. अकरा गाणी, सुमारे ४४ मिनिटं.

पहिल्या अल्बमचं आणि जोडीचं नाव एकच असल्यामुळे शोधताना हमखास घोळ होतो. ‘बीच हाउस रिव्ह्यू’ असं टाकलं की २००६ चं परीक्षण समोर येतं आणि त्यातली वाक्यं ‘डिव्होशन’च्या नावावर खपतात. ‘वेडिंग बेल’, ‘गिला’ किंवा ‘हार्ट ऑफ चेंबर्स’ यांपैकी एकाचा तरी उल्लेख मजकुरात आहे का, एवढं तपासलं की शंका मिटते.

समीक्षकांनी त्याचं स्वागत कसं केलं?

चांगलं केलं, पण डोक्यावर घेऊन नाचले नाहीत. पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या संकेतस्थळाने दहापैकी ८.५ गुण दिले. पहिल्या अल्बमला तिथे ८.१ होते, तिसऱ्या ‘टीन ड्रीम’ला ९.० मिळाले, चौथ्या ‘ब्लूम’ला ९.१. म्हणजे चढती पायरी, आणि ‘डिव्होशन’ तिच्या अधल्यामधल्या टप्प्यावर. वेगवेगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरची त्याची सरासरी ६१ ते ८० या पट्ट्यात बसते. त्या पट्ट्याला तिथे ‘सर्वसाधारणपणे अनुकूल’ म्हणतात. पिचफोर्कच्या २००८ च्या पन्नास सर्वोत्तम अल्बमांच्या यादीतही तो होता.

विक्रीची गोष्ट वेगळी. बिलबोर्ड २०० या अमेरिकी यादीत तो १९५ व्या स्थानापर्यंत पोचला, त्याच्या वर गेला नाही. लहान लेबलच्या जोडीला त्या यादीत शिरकाव मिळणं हीसुद्धा त्या वेळी बातमीच होती.

पहिल्या अल्बमपेक्षा वेगळं काय आहे? बऱ्याच परीक्षणांत ‘तेच, पण अधिक चांगलं’ एवढंच म्हटलंय.

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर कानांनीच द्यावं लागतं.

पहिला अल्बम स्कॅलींच्या तळघरात चार ट्रॅकच्या यंत्रावर दोन दिवसांत मुद्रित झाला होता. चार ट्रॅक म्हणजे एकावर एक थर चढवायला चारच जागा. ठेका, ऑर्गन, गिटार, आवाज, की जागा संपली. आणखी काही घालायचं तर आधीचे दोन थर एकात मिसळायचे आणि ते मिश्रण मग सुटं करता येत नाही. त्या अल्बमवरची धूसरपणाची दुलई बऱ्याच अंशी या मर्यादेतून आली आहे.

‘डिव्होशन’ बाल्टिमोरमध्येच केला, मात्र सवडीने. वाद्यं बहुतांशी तीच राहिली: घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गन, त्यांच्यातलेच बटण दाबल्यावर आपोआप सुरू होणारे ठेके, सरकत्या सुरांची स्लाइड गिटार. फरक मांडणीत पडला. आवाज पुढे आला. ऑर्गनचे दोन-तीन वेगळे रंग एकाच गाण्यात आळीपाळीने येऊ लागले. कडव्यातून ध्रुवपदाकडे जाताना एखादं वाद्य बाजूला होतं किंवा नव्याने शिरतं, आणि गाणं कुठेतरी पोचल्यासारखं वाटतं. पहिल्या अल्बममध्ये बरीच गाणी जिथे सुरू होतात तिथेच तरंगत राहतात.

‘तेच, पण अधिक चांगलं’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच बरोबर आहे. ध्वनी तोच राहिला, गाण्याची बांधणी बदलली. बांधणीबद्दल लिहायला समीक्षकाला दोन-चार वेळा ऐकावं लागतं. ध्वनीबद्दल पहिल्याच ऐकण्यात लिहिता येतं. २००८ च्या परीक्षणांत ध्वनीबद्दलचे परिच्छेद मोठे आणि बांधणीबद्दलचे छोटे का, याचं कारण बहुधा हेच.

हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनच का?

नाही. नावं एक, घराणी वेगळी. आपल्या रंगभूमीवरचा ऑर्गन पायाने भाता मारून वाजवायचा, त्यात हवेने पितळी पत्त्या थरथरतात. बीच हाउसचे ऑर्गन विजेचे आहेत. अमेरिकेत १९६० ते ८० च्या दशकांत बैठकीच्या खोलीत ठेवण्यासाठी असे ऑर्गन आणि छोटे कीबोर्ड लाखोंनी विकले गेले. त्यांत वॉल्ट्झ, बोसा नोव्हा, रॉक असे तयार ठेके असत.

मराठी कानाला एक भेद मात्र लगेच कळेल. नाट्यगीतात साथीचा ऑर्गन गायकाच्या मागे सुरासूर फिरतो. इथे ऑर्गन एक स्वरसंगती धरून बराच वेळ हलत नाही आणि आवाज तिच्यावरून फिरतो. साथ हलत नसल्यामुळे आवाजाची लहानशी हालचालही मोठी वाटते. ‘संमोहक’ हा शब्द परीक्षणांत वारंवार येतो त्याच्या मागे एवढंच तंत्र आहे.

समीक्षकांच्या तक्रारी काय होत्या?

तीन ठळक. सगळी गाणी एकाच मंद लयीत जातात. ध्वनीचा रंग शेवटपर्यंत बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या निम्म्यात गाणी एकमेकांत मिसळतात. आणि शब्दांचा अर्थ हाती लागत नाही.

पहिली तक्रार घरबसल्या तपासता येते. घड्याळ समोर ठेवून प्रत्येक गाण्यात १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. ठेका सुरू होऊन अर्धा मिनिट झाल्यावर मोजा, कारण सुरुवातीला कधीकधी नुसता ऑर्गन असतो. चूक होते ती दुप्पट-निमपट मोजण्यात: एखाद्या गाण्यात हाय-हॅटची टिकटिक मोजली आणि दुसऱ्यात मोठा ढोल मोजला की आकडे निरर्थक ठरतात. दर वेळी पाय ज्यावर आपोआप आपटतो तोच ठोका धरा. अकरा आकडे एका कागदावर आले की ‘एकाच लयीत’ हे म्हणणं किती खरं ते दिसेल. गाणी मंद आहेत यात शंका नाही. पण मंद असणं वेगळं आणि एकसारखं असणं वेगळं, आणि घाईच्या परीक्षणांत या दोहोंची गल्लत झालेली आहे.

दुसरी तक्रार जास्त वजनदार आहे. एका बैठकीत, दुसरं काही करत करत ऐकलं तर ‘अ‍ॅस्ट्रोनॉट’पासून पुढे लक्ष सुटतं हे मान्य करायला हवं. यावर साधा उपाय म्हणजे अल्बम दोन भागांत ऐकणं: पहिली सहा गाणी एकदा, उरलेली पाच दुसऱ्यांदा. रेकॉर्डवर मध्ये बाजू पालटावी लागते आणि ती विश्रांती अशा संगीताला मानवते.

तिसरी तक्रार आम्हाला पटत नाही. शब्द साधे आहेत. लग्नाची घंटा, घर, काळीज, सरलेली वर्षं. उच्चार लांबवल्यामुळे ते पहिल्यांदा कळत नाहीत इतकंच.

‘डिव्होशन’ म्हणजे भक्ती का?

मराठीत तोच शब्द पटकन सुचतो आणि तिथेच वाचन चुकतं. भक्ती म्हटलं की आपल्याला वारी, अभंग, विठ्ठल आठवतो. या अल्बमचा विषय देव नाही. एका माणसाला जीव लावणं, त्याच्याशी बांधलं जाणं आणि ते बंधन घरात, रोजच्या दिवसांत निभावणं हा आहे. ‘वेडिंग बेल’ने सुरुवात आणि ‘होम अगेन’ने शेवट, हा क्रमच पुरेसं सांगतो. शीर्षकाचा शब्द गाण्यात येतो तो त्या शेवटच्याच गाण्यात. ‘निष्ठा’ किंवा ‘जीव जडणं’ जवळ जातं. ‘समर्पण’ थोडं जड होतं.

मुखपृष्ठावर दोघं मेणबत्त्यांच्या उजेडात एका टेबलाशी बसलेली आहेत, समोर केक आहे. घरगुतीपणाचा धागा तिथूनच सुरू होतो.

ती दोघं जोडपं आहेत का?

नाहीत. त्यांनी हे अनेकदा स्पष्ट केलं आहे. तरीही काही लेखांत गाणी त्यांच्या आपसातल्या प्रेमाची कबुली म्हणून वाचली जातात. तसं वाचन असेल तिथे पुढचा निष्कर्षही तपासून घ्यावा.

‘गिला’ या नावाचा अर्थ?

या नावाची नदी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनात आहे. त्याच प्रदेशात या नावाचा विषारी सरडाही सापडतो. उर्दूतल्या गिला-शिकव्याशी संबंध नाही.

प्रत्येक परीक्षणात निकोचं नाव का येतं?

लग्रँड यांचा आवाज खालच्या पट्टीत रमतो आणि पाश्चात्त्य पॉपमध्ये स्त्रीचा खर्जाकडे झुकणारा आवाज ऐकला की समीक्षक निको या जर्मन गायिकेकडे वळतात. दुसरं ठरलेलं नाव मॅझी स्टार या अमेरिकी बँडच्या गायिका होप सँडोव्हल यांचं.

तुलना वरवरची आहे. निको सूर सरळ, जवळपास निर्विकार धरत. लग्रँड शब्दाच्या शेवटी आवाज फुलवतात, कधी मुद्दाम खरखरीत करतात, पट्टीच्या वरच्या टोकाला ताण ऐकू येऊ देतात. त्यांचं शिक्षण नाटकाचं, आधी अमेरिकेत व्हॅसर कॉलेजात आणि मग पॅरिसमध्ये. ‘हार्ट ऑफ चेंबर्स’ ऐकताना ते जाणवतं: एकच ओळ दोनदा येते तेव्हा दुसऱ्यांदा तिचं वजन वेगळं असतं. ‘निकोसारखा आवाज’ एवढ्यावर जे परीक्षण थांबतं त्याने गायनाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

अल्बममधलं कोणतं गाणं त्यांचं स्वतःचं नाही?

‘सम थिंग्ज लास्ट अ लाँग टाइम’. ते डॅनिएल जॉन्स्टन आणि जॅड फेअर यांचं, जॉन्स्टन यांच्या ‘१९९०’ या अल्बममधलं. आठव्या क्रमांकावर आहे. मूळ गाणं आधी ऐका. एकटा माणूस, उघडा आवाज, आडोसा नाही. मग इथलं ऐकलं की ही जोडी नेमकं काय करते ते दोन-तीन मिनिटांत कळतं.

मेटाक्रिटिकचा आकडा किती मानायचा?

तो कसा तयार होतो ते माहीत असेल तर उपयोगाचा. प्रत्येक परीक्षणाचे गुण शंभराच्या पट्टीवर आणले जातात. पिचफोर्कचे ८.५ तिथे ८५ होतात. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०. अक्षरश्रेणी असेल तर बी प्लसचे ८३ आणि नुसत्या बीचे ७५ धरतात. मग सरासरी काढतात, पण सगळ्या प्रकाशनांना सारखं वजन नसतं आणि कोणाला किती ते जाहीर केलेलं नाही.

घोटाळा होतो तो मधल्या गुणांत. पाचपैकी तीन तारे देणाऱ्याला बहुतेकदा ‘बरा आहे, ऐका’ असं म्हणायचं असतं. शंभराच्या पट्टीवर त्याचे होतात ६०, आणि ४० ते ६० हा मेटाक्रिटिकचा ‘संमिश्र’ पट्टा. असे दोन-तीन तीन-तारे आले की सरासरी खाली ओढली जाते, जरी कोणीच अल्बमला नावं ठेवलेली नसली तरी. ‘डिव्होशन’सारख्या शांत, हळू रुजणाऱ्या संगीताला हा फटका जास्त बसतो, कारण ते नापसंत करणारे थोडे आणि ‘बरं आहे’ म्हणणारे पुष्कळ असतात.

वर्षअखेरच्या मतदानांचाही असाच एक गुण आहे. व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाच्या पॅझ अँड जॉप मतदानात प्रत्येक समीक्षक दहा अल्बमांत १०० गुण वाटायचा, एकाला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३०. फेब्रुवारीत आलेला, कोणाचाच पहिला नसलेला पण अनेकांचा बारावा-तेरावा असलेला अल्बम अशा पद्धतीत दिसेनासा होतो. २००८ मध्ये तिथे टीव्ही ऑन द रेडिओ या बँडचा ‘डिअर सायन्स’ पहिला आला.

२००८ ची परीक्षणं आज वाचायची तर कशी शोधायची?

तारखेपासून सुरुवात करा. फेब्रुवारी ते एप्रिल २००८ मधलं लिखाण हे त्या वेळचं स्वागत. जानेवारी २०१० नंतरचं सगळं ‘टीन ड्रीम’ ऐकलेल्या कानांनी लिहिलेलं आहे. दोन्ही वाचावीत, पण एकत्र मोजू नयेत. विश्वकोशांतल्या गुणांच्या चौकटीत दोन्ही शेजारी-शेजारी बसलेली असतात, म्हणून तळटीपेतली तारीख उघडून पाहावी लागते.

मूळ पान सापडत नसेल तर त्याचा पत्ता वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर टाका आणि २००८ किंवा २००९ ची प्रत निवडा. साइटची रचना बदलताना गुण, तारीख किंवा लेखकाचं नाव गळालेलं असतं, ते जुन्या प्रतीत मिळतं. पान अर्धवट उघडलं तर त्याच वर्षातली दुसरी तारीख निवडून पाहा. चित्रं न दिसणं चालतं, मजकूर बहुधा शाबूत असतो.

‘टीन ड्रीम’नंतर मत बदललं का?

मत वर गेलं आणि अल्बम मागे पडला, दोन्ही एकदम झालं. ‘टीन ड्रीम’ २६ जानेवारी २०१० रोजी सब पॉप या मोठ्या लेबलवर आला, निर्माते ख्रिस कोडी. तो बिलबोर्ड २०० वर ४३ व्या स्थानी पोचला आणि पिचफोर्कच्या वर्षाच्या यादीत पाचवा आला. त्यानंतर ‘डिव्होशन’ची ओळख ‘टीन ड्रीमच्या आधीची पायरी’ अशी झाली.

ही ओळख अन्यायाची आहे. ‘टीन ड्रीम’मध्ये ध्वनी उजळला आणि गाण्यांना शिखरं आली. ‘डिव्होशन’मधली गाणी शिखराकडे जात नाहीत, ती खोलीत बसून राहतात. मोठ्या सभागृहाच्या मापाने घरच्या खोलीला लहान म्हणण्यात अर्थ नाही. २००८ च्या चांगल्या परीक्षणांना हा मोह नव्हता, कारण पुढचा अल्बम अस्तित्वातच नव्हता. म्हणून त्यांचं वर्णन नंतरच्या गौरवलेखांपेक्षा अचूक वाटतं.

याच दोन अल्बमांमधला दुवा हवा असेल तर ‘यूज्ड टू बी’ ऐका. ते २००८ मध्ये सुटं निघालं आणि ‘टीन ड्रीम’साठी पुन्हा मुद्रित झालं. दोन्ही रूपं पाठोपाठ लावली की बदल बोटावर मोजता येतो.

द वीकेंड या कॅनडाच्या गायकामुळे ‘गिला’ ओळखीचं वाटतं, ते कसं?

मार्च २०११ मध्ये आलेल्या त्याच्या ‘हाउस ऑफ बलून्स’ या संग्रहातल्या ‘लॉफ्ट म्युझिक’मध्ये ‘गिला’चा तुकडा वापरला आहे. त्याच संग्रहात पहिल्या अल्बममधल्या ‘मास्टर ऑफ नन’चाही वापर झाला. समीक्षेपेक्षा या एका गोष्टीमुळे ‘गिला’ अधिक कानांपर्यंत पोचलं असावं.

इतर ड्रीम पॉप जोड्यांचे दुसरे अल्बम कसे गेले?

दुसऱ्या अल्बमला शाप असतो म्हणतात. या प्रकारात तसं दिसत नाही. कॉक्टो ट्विन्स या बँडचा ‘हेड ओव्हर हील्स’ १९८३ चा. बासवादक विल हेगी निघून गेल्यामुळे रॉबिन गथ्री आणि एलिझाबेथ फ्रेझर दोघंच उरले होते, आणि त्यांचा पुढे ओळखला गेलेला विस्तीर्ण घुमारा तिथेच आकाराला आला. नंतर त्यांना येऊन मिळालेले सायमन रेमंड आणि गथ्री यांनी १९९७ मध्ये बेला युनियन सुरू केलं, ज्या लेबलने युरोपात ‘डिव्होशन’ काढला.

‘ड्रीम पॉप’ हा शब्द ज्यांच्या नावावर सांगतात ते ए. आर. केनचे अ‍ॅलेक्स आयुली. तीही जोडीच. त्यांचा दुसरा अल्बम ‘आय’, १९८९ चा, जोड-अल्बम होता आणि पहिल्यापेक्षा कितीतरी पॉपकडे झुकलेला.

मॅझी स्टारचा १९९३ चा ‘सो टुनाइट दॅट आय माइट सी’ सगळ्यांत शिकवून जातो. त्यातलं ‘फेड इनटू यू’ १९९४ मध्ये अमेरिकेच्या हॉट १०० यादीत ४४ व्या क्रमांकावर गेलं, अल्बम ३६ व्या, आणि विक्री दहा लाखांच्या पुढे. प्रकाशनाच्या आठवड्यातल्या परीक्षणांवरून यातलं काहीच सांगता आलं नसतं.

कशावर ऐकावा?

फोनच्या स्पीकरवर नको. तो साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवत नाही आणि ऑर्गनची खालची बाजू तिथेच असते. ती गेली की आवाज आणि घुमारा उरतो, आणि अल्बम आहे त्यापेक्षा जास्त धूसर भासतो. साधे वायरचे हेडफोनही पुरतात.

पहिल्या आणि दुसऱ्या अल्बमची तुलना करायची असेल तर आधी आवाजाची पातळी जुळवा. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला अधिक चांगलं वाटतं, आणि पुष्कळ मतं नकळत त्यावर ठरतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधली आवाज समान ठेवण्याची सोय चालू करा. मग दोन्ही अल्बममधलं प्रत्येकी एक गाणं निवडा, त्यातल्या गायलेल्या ओळी ऐका आणि त्यांची पातळी बटणाने सारखी करा. ठेक्यावरून जुळवू नका, तो दोन्हीकडे वेगळ्या यंत्रातून आलेला असतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

‘गिला’, मग ‘हार्ट ऑफ चेंबर्स’, मग ‘होम अगेन’. ही तीन रुजली की ‘वेडिंग बेल’पासून सलग. ‘टर्टल आयलंड’ आणि ‘होली डान्सेस’ सगळ्यांत उशिरा उघडतात, त्यांना तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत वेळ द्या.